डिस्चार्ज बुक आधी, विशेषणे नंतर: गावाकडच्या माजी सैनिकाची स्मृतिपुस्तिका कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात एखादा माजी सैनिक वारला की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. चौकात डिजिटल (श्रद्धांजलीचा फ्लेक्स) लागते, पेपरात निधनवार्ता येते आणि वर्षश्राद्धाला पुस्तिका निघते किंवा निदान भाषण होते. तिन्हीकडे मजकूर एकच: देशसेवा केली, स्वभाव मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, सर्वांचे लाडके. नाव बदलले की हाच मजकूर शेजारच्या आळीतल्या माणसालाही चालतो. घरच्यांचे प्रेम कमी असते असे नाही. पलटणीतून आणलेली काळी ट्रंक कोणी नीट उघडलेली नसते, आणि जी माणसे खरे सांगू शकतात त्यांना नेमके कोणी विचारलेले नसते.

म्हणून क्रम असा ठेवावा: कागद, वस्तू, माणसे, आणि लिखाण सगळ्यांत शेवटी. पुस्तिका वर्षश्राद्धाला हवी असेल तर सहा-सात महिने आधी सुरुवात करावी. लिहायला पंधरा दिवस पुरतात. वेळ खातो तो पत्रव्यवहार आणि पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडून फोटो गोळा करणे.

ट्रंकेतले कागद

पहिला कागद डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटल्याचे पुस्तक. त्यात आर्मी नंबर, भरतीची तारीख, ट्रेड, शेवटचा हुद्दा, सेवा किती वर्षे, मेडल, कशामुळे घरी आले आणि वर्तणुकीचा शेरा एवढे मिळते. दुसरा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. मग माजी सैनिकाचे ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कॅन्टीन कार्ड. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, प्रेसवाल्याच्या तर नकोच. फोटो काढायचा तर खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश बंद, मोबाईल कागदाला समांतर धरून काढा.

वाचताना काही जागी हमखास चूक होते. जन्मतारीख १ जून असेल तर ती पुस्तिकेत ठळक छापू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना धरून टाकलेली तारीख आपल्याकडे घरोघरी आहे, आणि भरतीच्या वेळी तीच पुढे गेलेली असते. अशा वेळी ‘जन्म १९४८ च्या सुमारास’ लिहिलेले बरे. जुन्या बुकात प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी आणि ‘रिझर्व्ह’ अशा दोन वेगळ्या मुदती असतात. घरी आल्याची तारीख आणि नाव कमी झाल्याची तारीख यांत कित्येक वर्षांचे अंतर पडते ते यामुळे. नंबरही दोन सापडू शकतात, कारण जवानाचा नायब सुभेदार झाला की ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. आणि १९६५ पूर्वीच्या कागदावर ‘जमादार’ दिसले तर तो झाडूवाला किंवा मुकादम नव्हे. आजच्या नायब सुभेदाराचे ते जुने नाव. ही चूक नातवंडे करतात आणि आजोबांना पुस्तिकेत खालच्या हुद्द्यावर नेऊन बसवतात.

डिस्चार्ज बुक हरवले असेल तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे काम बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे (अभियंता दल) खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे (संदेशवहन) जबलपूरला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती) सिकंदराबादला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला. अर्जात नंबर (दोन असतील तर दोन्ही), हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, भरतीचे साल आणि अर्जदाराचे नाते लिहा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्ज शक्यतो पत्नीच्या नावाने करावा, त्याची दखल लवकर घेतली जाते. अर्जाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तपासून मिळतो. पेन्शन न घेता लवकर घरी आलेल्यांचे जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, त्यामुळे ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर तो नोकरी खोटी असल्याचा पुरावा समजू नये.

नंबर कुठेच सापडत नसेल तर ट्रंकेचे झाकण पाहा. पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेले असते. वरून नवा ऑइलपेंट मारला असेल तर झाकण तिरप्या उजेडात धरा; खालच्या अक्षरांची जाडी दिसते.

मेडल काय सांगते आणि काय सांगत नाही

सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. घरात १९६५ चे रक्षा मेडल सापडले की ‘पासष्टच्या युद्धात पराक्रम गाजवला’ असे छापले जाते. रक्षा मेडल त्या काळात सैन्यात ठरावीक नोकरी झालेल्या सगळ्यांना मिळाले, मग तो सीमेवर असो की डेपोत. प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला. १९७१ चेही तसेच: संग्राम मेडल सरसकट, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, पूर्वेला होते त्यांना पूर्वी स्टार. चांदणीच्या आकाराचे पदक आहे की गोल, एवढे पाहिले तरी अर्धा प्रश्न सुटतो.

सैन्य सेवा मेडल किंवा त्याआधीचे सामान्य सेवा मेडल असेल तर रिबनवर आडवी पट्टी असते आणि तिच्यावर टापूचे नाव: जम्मू काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय, नागा हिल्स, गोवा १९६१, लडाख १९६२. ‘आप्पा कुठंतरी बर्फात होते’ या घरगुती आठवणीला ही पट्टी पत्ता देते. नऊ वर्षे आणि वीस वर्षे सेवेची मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल ही नोकरीची नोंद आहे, शौर्याची नव्हे. ती लिहायची ती तशीच लिहावी, त्यात कमीपणा काही नाही.

गोल मेडलच्या कडेला, नाण्याच्या कडेसारख्या जागी, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेले असते. भिंगातून वाचून घ्या. आणि देवाची भांडी घासता तशी पितांबरी किंवा चिंच लावून मेडल घासू नका. चकाकी येते, पण कडेची अक्षरे झिजतात आणि त्या मेडलचे सगळे मोल त्या अक्षरांत असते. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसणे पुरे. रिबन विरली असेल तर नवी मिळते; जुनी फेकू नका, पाकिटात घालून सोबत ठेवा.

युनिटचे नाव लिहितानाही सावध राहावे. महाराष्ट्रातला जवान म्हणजे ‘मराठा बटालियन’ असे गावात गृहीत धरतात. सोलापूरची माणसे महार रेजिमेंटमध्ये आहेत, तोफखान्यात, सॅपर्समध्ये, एएससीत (रसद पुरवणारे दल) आणि मेडिकलमध्येही आहेत. तोफखान्यातला जवान गनर, सॅपर्समधला सॅपर, रणगाडा दलातला सवार आणि पुढे दफेदार. सगळ्यांना ‘शिपाई’ लिहिले की त्यांच्या सोबत्यांना ते लगेच खटकते. पलटणीचा आकडाही सोडू नका. १९७१ मध्ये जमालपूरला लढली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. नुसते ‘मराठा रेजिमेंट’ म्हटल्याने दुसऱ्या पलटणीच्या जवानाच्या नावावर ती लढाई चढते. मानद हुद्दा असेल तर ‘मानद’ शब्द गाळू नये: मानद नायब सुभेदार आणि नायब सुभेदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी, म्हातारपणी, आजाराने गेलेल्या माजी सैनिकाला ‘शहीद’ किंवा ‘वीरमरण’ म्हणू नये. उत्साहाच्या भरात डिजिटलवर हे येते, आणि ज्या घरातला मुलगा खरोखर सीमेवर गेला ते घर त्याच गल्लीत असू शकते.

पत्रे आणि मनीऑर्डर

आंतर्देशीय पत्रांवर ठिकाणाचे नाव नसते, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (सैन्याचे टपाल कार्यालय) एवढेच असते. ९९ म्हणजे पूर्वेकडचा टापू, आसाम-नागालँड-अरुणाचलची बाजू. ५६ म्हणजे बाकीचा. पत्रातल्या तारखा आणि हे आकडे एका कागदावर उतरवले की कोणत्या साली माणूस देशाच्या कोणत्या टोकाला होता याचा कच्चा आराखडा तयार होतो. मनीऑर्डरच्या पावतीचा खालचा तुकडा जपलेला असेल तर त्यावरच्या दोन ओळी वाचा. ‘बैलाचे पैसे दे. बाळीचे औषध थांबवू नको.’ कुटुंबवत्सल हा शब्द वापरायची गरज उरत नाही.

तारखा जुळत नसतील तर गावाला आठवणाऱ्या घटनांशी सांधा: पानशेत फुटले १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ, इंदिराबाई गेल्या ३१ ऑक्टोबर १९८४, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवले त्या रात्री. आजीला १९७२ विचारले तर सांगता येणार नाही. ‘सुकडी वाटायचे, खडी फोडायला जायचे, तेव्हा आप्पा घरी होते का?’ विचारले की ती बरोबर सांगते. सोलापूर शहरातल्या घरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, उपयोगी पडतो. सुट्टी संक्रांतीला, नंदीध्वजांच्या वेळी मिळाली की दिवाळीला, हे बायकांच्या पक्के लक्षात असते.

माणसांना काय विचारावे

‘आप्पांविषयी काही सांगा’ असे विचारू नका. त्याला ‘लई चांगला माणूस होता बघा’ हे एकच उत्तर आहे, आणि त्यानंतर डोळे पुसणे. वस्तू, जागा आणि वेळ धरून विचारा:

सुट्टीवर आले की ट्रंकेतून पहिल्यांदा काय निघायचे? परत जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोण बांधून द्यायचे, किती? कोणत्या फाट्यावर उतरायचे, तिथून चालत किती वेळ? बार्शी-पंढरपूरकडचे असतील तर छोट्या गाडीने कुर्डुवाडीला येऊन मोठी गाडी धरायचे का? घरी आल्यावर पहाटे उठायची सवय किती वर्षे टिकली? कशावर चिडायचे? कोणाशी बोलत नसत आणि का? पेन्शनच्या दिवशी बँकेतून निघाले की पहिल्यांदा कुठे जायचे?

एका बैठकीत एकालाच विचारावे. चौघे बसले की मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. तासाभरापेक्षा जास्त लांबवू नये. रेकॉर्डिंग करताना मोबाईल मांडीवर नको, उशीवर ठेवा, आणि पंखा बंद करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे अवघड आहे, म्हणून सकाळी आठच्या आत जावे. ज्या भाषेत माणूस बोलतो त्याच भाषेत टिपून घ्या. अक्कलकोटकडच्या घरात आठवण कन्नडमध्ये निघते, पूर्व भागातल्या विणकराच्या घरात तेलुगूमध्ये. त्यांचे एखादे वाक्य मूळ भाषेतच देवनागरीत छापावे आणि अर्थ पुढच्या वाक्यात ओघाने यावा. सगळे पुस्तकी मराठीत वळवले की आज्जीचा आवाज जातो.

सर्वांत जास्त वेळ पत्नीला द्यावा. ‘खंबीरपणे साथ दिली’ या तीन शब्दांत तिची पंधरा-वीस वर्षे गुंडाळली जातात. नवरा पलटणीत असताना शेत कोणी कसले, मनीऑर्डर उशिरा आली की उधारी कोणाकडे, पत्र कोणाकडून वाचून घ्यायची आणि उत्तर कोण लिहायचे (म्हणजे मनातले किती लिहिता यायचे), दिवसाला किती विड्या वळायची, पहिले मूल झाल्याचे त्यांना किती दिवसांनी कळले, हे विचारा. हजार विड्यांचा हिशेब ती अजूनही बोटांवर सांगेल.

सोबतचे जवान शोधायला माजी सैनिक संघटना उपयोगी पडते. त्यांच्याकडून एकच खात्रीची गोष्ट मागा: पलटण कोणत्या साली कुठे होती. लढाईच्या गोष्टी दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितल्या तरच छापाव्यात. माणूस स्वतः लढाईबद्दल कधी बोलला नसेल तर तेच लिहा: ‘१९७१ बद्दल त्यांनी घरात कधी काही सांगितले नाही.’ हे वाक्य पूर्ण आहे. त्याच्यापुढे सिनेमातली गोळीबाराची चार वाक्ये घालून ती शांतता बुजवू नका.

कॅन्टीनच्या बाटलीचा विषय निघणारच. कोट्यासाठी शेजारी महिन्याच्या सुरुवातीला चकरा मारायचे ही गोष्ट हसत लिहिता येते. पिण्याने घर पोळले असेल तर पत्नीच्या संमतीशिवाय लिहू नये आणि ‘निर्व्यसनी’ असेही लिहू नये. जमिनीच्या वाटणीचे भांडण मात्र पूर्ण गाळावे. पुस्तिका पुढे कोर्टात पुरावा म्हणून दाखवणारे भाऊबंद असतात.

लिहिताना

नोकरी सतरा वर्षांची आणि त्यानंतरचे आयुष्य चाळीस वर्षांचे, असा हिशेब बहुतेकांचा असतो. पुस्तिकेत मात्र नोकरीला बारा पाने आणि उरलेल्या चाळीस वर्षांना ‘निवृत्तीनंतर शेती केली’ ही ओळ. प्रमाण उलटे नको, पण निम्मे-निम्मे तरी करा. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहिलेला, साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलेला, शाळेत पोरांना कवायत शिकवलेला माणूस गावाने रोज पाहिलेला असतो. वाचणाऱ्याला तोच ओळखीचा.

नमुना म्हणून दोन परिच्छेद पाहा. पहिला नेहमीचा: ‘आप्पांनी भारतमातेची निष्ठेने सेवा केली. निवृत्तीनंतरही ते शिस्तप्रिय व प्रामाणिक राहिले.’ दुसरा कागद आणि माणसे विचारून लिहिलेला: ‘१९६६ साली बेळगावला भरती झाले, १९८३ साली हवालदार म्हणून घरी आले. सतरा वर्षांत घरची दिवाळी चार वेळा मिळाली. पुढे एकवीस हंगाम कारखान्याच्या काट्यावर रात्रपाळी केली. रिकामी बैलगाडी परत तोलल्याशिवाय पावती फाडत नसत, मग ती सरपंचाची असली तरी.’ दुसऱ्यात प्रामाणिक हा शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

नावाआधी काय लावायचे ते घराला विचारून ठरवा. कै. किंवा स्व. सगळीकडे चालत नाही: लिंगायत घरात लिंगैक्य, बौद्ध घरात कालकथित, मुस्लिम घरात मरहूम. प्रेसवाला सवयीने ‘कै.’ टाकतो आणि शंभर प्रती वाया जातात.

पेपरातली निधनवार्ता साठ-सत्तर शब्दांची करावी. नाव, गाव, वय, हुद्दा आणि युनिट पहिल्या दोन वाक्यांत घ्या, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. भाषण चार मिनिटांचे, म्हणजे साडेतीनशे ते चारशे शब्द. दहाव्याला घाटावर उन्हात माणसे उभी असतात. पाचवे मिनिट कोणी ऐकत नाही.

नातेवाइकांच्या यादीवर सगळ्यांत जास्त भांडणे होतात. लेकी, जावई आणि सासरची आडनावे तपासायला यादी थोरल्या आत्याला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्याइतका कडक प्रूफरीडर मिळत नाही.

छपाई

ए-फाइव्ह आकार सोपा पडतो. मधे पिन मारायची तर पानांची संख्या चारने भागली जावी: आठ, बारा, सोळा. सतरावे पान काढले की तीन कोरी पाने गळ्यात पडतात. आतले कागद ९० जीएसएम, मुखपृष्ठ २५० च्या आसपास पुरे. दोन-अडीचशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. 

जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकट तिरप्या कोनात चकाकी टाळून फोटो घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन छपाईत चौकोन दिसतात. हार घातलेला फोटो मुखपृष्ठावर नको. वर्दीतला तरुणपणीचा एक आणि शेवटच्या दहा वर्षांतला रोजच्या कपड्यातला एक, असे दोन पुरेत.

मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर बऱ्याच प्रेसमध्ये श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो. त्या बदलात रफार, ‘श्र’, ‘ऱ्या’ आणि आकडे बिघडतात. तुमचे शुद्धलेखन आधी तपासलेले असले तरी बदलानंतरचे कागदी प्रूफ पुन्हा ओळीओळीने वाचा, तारखा डिस्चार्ज बुकशी ताडून. आर्मी नंबर, पीपीओ नंबर, बँक खाते पुस्तिकेत छापू नका, आणि डिस्चार्ज बुकच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. पेन्शनच्या नावाने फसवणारे फोन त्यावरूनच येतात.

तिरंगा आणि मानवंदना

निवृत्त जवानाच्या पार्थिवावर घरच्यांनी किंवा मंडळाने आपणहून तिरंगा पांघरू नये. ध्वजसंहितेनुसार तो शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीतच पांघरता येतो, आणि तेव्हाही चितेवर किंवा खड्ड्यात जात नाही, आधी काढून घेतात. डिजिटलवर तिरंग्याच्या पट्ट्यांवर नाव छापणे हेही चुकीचे. ध्वजावर अक्षरे चालत नाहीत. लष्करी इतमाम कोणाला मिळतो ते लष्कर ठरवते, शासकीय इतमाम शासन. संघटनेच्या माजी सैनिकांनी मेडल लावून येणे, पुष्पचक्र वाहणे आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे याला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांना आदल्या दिवशी वेळ कळवा. ते वेळेच्या आधी दहा मिनिटे येतात, आणि यजमानच उशिरा येतात.

पुस्तिका तयार झाली की एक प्रत गावच्या शाळेला, एक ग्रामपंचायतीला, शहरातले असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाला आणि एक रेजिमेंटच्या सेंटरला टपालाने पाठवा. मूळ डिस्चार्ज बुक आणि पीपीओ लॅमिनेट करू नका: उष्णतेने जुनी शाई पसरते आणि मागच्या पानावरची नोंद कायमची बंद होते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ते पत्नीच्याच कपाटात ठेवावे, कारण कुटुंब पेन्शनमध्ये नावाचे एखादे अक्षर चुकलेले निघाले की दुरुस्तीसाठी तेच कागद लागतात.